ध्वनीची भिंत आणि पगारपत्रक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर लागला तेव्हा काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, असे चालकांनी मला मघाशी सांगितले. श्रम, सहकार आणि संघटना ह्यांवर चार शब्द सांगण्यासाठी ज्याला बोलावले, तो अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक अमेरिकेतल्या एका रॉक वाद्यवृंदाची कथा कशासाठी सांगणार, ही शंका रास्तच आहे. तिचे उत्तर मी एवढेच देतो की, मी श्रम, सहकार आणि संघटना ह्यांवरच बोलणार आहे. ह्या तिन्ही गोष्टी सूतगिरणीत किंवा साखर कारखान्यातच भेटतात असे नाही. पाऊणशे टन सामान घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या तांड्यातही त्या भेटतात, आणि तिथे त्यांचे प्रश्न कधी कधी अधिक उघडे पडलेले असतात.

वाद्यवृंदाचे नाव ‘ग्रेटफुल डेड’. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात तो स्थापन झाला आणि १९९५ साली संपला. तीस वर्षांत त्याने सुमारे २,३०० जाहीर कार्यक्रम केले. ह्याहून अधिक ध्वनिमुद्रिका विकणारे आणि ह्याहून अधिक नाव झालेले वाद्यवृंद पुष्कळ होऊन गेले. परंतु ह्यांचा संसार मुद्रिकांच्या विक्रीवर चालत नव्हता. तो प्रवासावर चालत होता. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसे. म्हणूनच रंगमंचावर काय दिसते आणि पडद्यामागे काय घडते, ह्यांतील नाते समजून घेण्यास हे उदाहरण मला सोयीचे वाटते. मी ह्या संगीताचा भक्त नव्हे, हेही आधीच सांगून टाकतो. त्यांचे काही कार्यक्रम ऐकताना मी रंगलो आहे आणि काही ऐकताना मला झोप आली आहे. त्यांचे चाहतेही खाजगीत ह्याहून वेगळे सांगत नाहीत.

प्रारंभीची माणसे पाच. गिटारवादक जेरी गार्सिया आणि बॉब विअर, बेस गिटार वाजवणारा फिल लेश, तालवादक बिल क्रॉइट्झमन आणि ‘पिगपेन’ ह्या टोपणनावाने ओळखला जाणारा रॉन मॅकर्नन. १९६७ मध्ये मिकी हार्ट हा दुसरा तालवादक येऊन मिळाला. ही मंडळी सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी वस्तीत एका घरात एकत्र राहत आणि जवळच्या उद्यानात फुकट कार्यक्रम करीत. त्याच वस्तीत १९६६च्या शरदात ‘डिगर्स’ नावाचा एक गट उभा राहिला होता. हा गट येणाऱ्या-जाणाऱ्याला विनामूल्य अन्न देई. नाव त्यांनी मुद्दाम उसने घेतले होते. १६४९ साली इंग्लंडमध्ये जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याच्या सोबत्यांनी पडीक सामाईक जमीन खणून, ती सर्वांची आहे असे म्हणत पेरायला घेतली होती. त्या मूळच्या डिगर्सचे हे नाव. समाजवादाच्या इतिहासाच्या पहिल्या धड्यात आपण ज्यांचे नाव वाचतो, ते तीनशे वर्षांनी कॅलिफोर्नियात एका रॉक वाद्यवृंदाच्या शेजारघरी असे भेटतात.

ह्यावरून ही मंडळी क्रांतिकारक होती असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. १९६८च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांचा संप चालू असताना पावाच्या गाडीत लपून ते आत शिरले आणि संपकऱ्यांसाठी वाजवून गेले. १९७० साली ४ मे रोजी केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मारले गेले; त्यानंतर दोनच दिवसांनी मॅसॅच्युसेट्समधील एम.आय.टी.च्या आवारात त्यांनी फुकट कार्यक्रम केला. पण भाषण करा, पत्रकावर सही करा, म्हटले की ते अंग काढून घेत. राजकारणाविषयी गार्सियाला मनापासून कंटाळा होता. ही वृत्ती मला पसंत नाही. पण ज्यांनी आयुष्यभर पत्रकांवर सह्या केल्या आणि आपल्या हाताखालच्या माणसाला कधी बैठकीत खुर्ची दिली नाही, अशीही माणसे मी पाहिली आहेत. त्यामुळे ह्या मंडळींनी तोंडाने काय सांगितले त्यापेक्षा घरचा कारभार कसा चालवला, हे पाहणे मला अधिक उद्बोधक वाटते.

कारभाराचा पहिला धडा त्यांना फसवणुकीतून मिळाला. तालवादक मिकी हार्टचा बाप लेनी हार्ट हा त्यांचा व्यवस्थापक होता. १९७० साली असे उघडकीस आले की, ह्या गृहस्थाने वाद्यवृंदाचे दीड लाख डॉलरच्या आसपास पैसे लांबवले आहेत. पुढे त्याला पकडून शिक्षा झाली. बापाच्या कृत्याची लाज वाटून मुलगा १९७१च्या प्रारंभी वाद्यवृंद सोडून गेला, तो १९७४च्या ऑक्टोबरपर्यंत परतला नाही. त्याला कोणी काढले नव्हते.

ह्या अनुभवानंतर त्यांनी जी कंपनी उभारली, तिच्या संचालक मंडळावर वादकांबरोबर सामान वाहणारे, तारा जोडणारे, कार्यालय सांभाळणारे लोकही बसत असत. अध्यक्षपद फिरते असे. सेवकांना आरोग्यविमा आणि नफ्यात वाटा मिळे. अमेरिकेच्या करमणूक धंद्यात ही गोष्ट सामान्य नव्हती. तिथे फिरस्त्या वाद्यवृंदाचा सामान वाहणारा नोकर, ज्याला ते ‘रोडी’ म्हणतात, दौऱ्यापुरता घेतला जातो आणि दौरा संपला की रस्त्यावर येतो. मोठ्या शहरांतील सभागृहांत सामान चढवण्या-उतरवण्याचे काम स्थानिक रंगमंच कामगारांकडे असते, आणि त्यांची संघटना १८९३ पासूनची, चांगली बळकट आहे. पण वाद्यवृंदाबरोबर गावोगाव हिंडणारा माणूस बहुधा कोणत्याच संघटनेत नसतो. ज्याचे घरच रोज बदलते, त्याची शाखा कोठे काढणार? ऊसतोड कामगारांत काम केलेल्या आपल्या मित्रांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

आता थोडे अर्थशास्त्र, फार नाही. १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील मूळ मुद्दा शाळकरी मुलालाही कळेल असा आहे. चार वादकांनी मिळून वाजवायच्या रचनेला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसे आणि अर्धा तास लागत असे. आजही चार माणसे आणि अर्धा तासच लागतो. ह्या दोनशे वर्षांत कारखान्यातील कामगाराची उत्पादकता अनेक पटींनी वाढली आणि त्यामागोमाग सर्वत्र मजुरीचे दर वाढले. वादकालाही त्याच बाजारात तेल-मीठ घ्यावे लागते. म्हणजे कलेचा खर्च वाढत जाणार आणि तिची उत्पादकता तिथेच राहणार. कलावंत आळशी असतात म्हणून हे होत नाही. तो त्या कामाचा धर्मच आहे.

ह्या कोड्यातून सुटण्याची एक वाट बाजाराने शोधून काढली. वादक चारच ठेवायचे, पण श्रोते चारशेचे चाळीस हजार करायचे. ही किमया करणारे यंत्र म्हणजे ध्वनिवर्धक. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम पंचावन्न हजारांहून अधिक लोकांसमोर झाला, पण तिथे गाणे कोणालाच नीट ऐकू गेले नाही, खुद्द गाणाऱ्यांनाही नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी दौरे कायमचे बंद केले. गर्दी जमवणे सोपे होते. त्या गर्दीला ऐकू जाईल असे करणे अवघड होते.

ग्रेटफुल डेडने ह्या प्रश्नाला जे उत्तर दिले ते सांगताना माझ्यासारख्या कोरड्या माणसालाही उत्साह येतो. त्यांचा ध्वनितज्ज्ञ औस्ली स्टॅन्ली. हा एल.एस.डी. ह्या मादक द्रव्याचा मोठा उत्पादक होता आणि त्यापायी तुरुंगातही जाऊन आला होता. प्रारंभीच्या काळात वाद्यवृंदाची यंत्रे त्याच धंद्याच्या पैशातून आली, हे लपवण्याचे कारण नाही. ह्या माणसाच्या कल्पनेतून आणि पुष्कळ तंत्रज्ञांच्या मेहनतीतून १९७४ साली एक प्रचंड रचना उभी राहिली. तिला ‘ध्वनीची भिंत’ असे नाव पडले. सुमारे सहाशे ध्वनिक्षेपक, पंचवीस हजार वॉटहून अधिक शक्ती, दहा मीटरांच्या आसपास उंचीचे मनोरे, एकूण वजन अंदाजे पाऊणशे टन. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ‘डॉल्बी’च्या भिंती येतात, तसलेच काही तुमच्या डोळ्यांसमोर आले असेल. चित्र पुष्कळसे बरोबर आहे, पण हेतू नेमका उलटा होता. गोंगाट वाढवणे हा हेतू नव्हता; सहाशे फुटांवर उभ्या असलेल्या माणसालाही प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू जावे, हा होता.

त्यासाठी प्रत्येक वाद्याला स्वतःचा स्वतंत्र मनोरा दिलेला होता. फिल लेशच्या बेस गिटारची तर प्रत्येक तार वेगळ्या ध्वनिक्षेपकांतून ऐकवता येई. शिवाय ही भिंत वादकांच्या पाठीमागे उभी असे. म्हणजे श्रोत्यांना जे ऐकू येई तेच वादकांनाही ऐकू येई. राजाला एक अन् प्रजेला दुसरे, असा प्रकार नव्हता. आता पाठीमागून एवढा आवाज येत असताना तोच पुन्हा गायकाच्या मायक्रोफोनमध्ये शिरून शिट्टी वाजू लागणार, हे सभेत ध्वनिक्षेपक लावणाऱ्या आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. त्यावर त्यांनी केलेला उपाय असा: प्रत्येक गायकासमोर दोन मायक्रोफोन अगदी जवळजवळ लावायचे आणि त्यांची जोडणी एकमेकांच्या उलट करायची. दुरून येणारा आवाज दोघांत सारखाच शिरतो आणि परस्परांना छेद देऊन नाहीसा होतो. गायक मात्र एकाच मायक्रोफोनला ओठ लावून गातो. त्याचा आवाज तेवढा उरतो. युक्ती इतकी साधी आहे की, ती आपल्याला का सुचली नाही असे वाटावे.

परंतु मित्रहो, ही भिंत स्वतःच्या पायांनी चालत नव्हती. तिला हलवायला चार अजस्र मालमोटारी आणि एकवीस माणसे लागत. उभारणीला इतका वेळ लागे की, मंचाचे सांगाडे दोन बनवावे लागले: एका गावी कार्यक्रम चालू असताना दुसरा सांगाडा पुढच्या गावी जाऊन उभा राहायला लागलेला असे. श्रोत्याच्या दृष्टीने कार्यक्रम संध्याकाळी चार-पाच तासांचा. सामान हाताळणाऱ्यांच्या दृष्टीने तो सकाळी मालमोटारीचे दार उघडले की सुरू होई, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर शेवटची पेटी आत ढकलून दार लावले की संपे. मग शेकडो मैलांचा रस्ता, आणि दुसऱ्या गावी पुन्हा तेच दार उघडायचे. रंगमंचावरच्या माणसाला थकवा आला तर टाळी त्याला तारून नेते. मनोऱ्याच्या टोकावर चढून साखळी अडकवणाऱ्याला टाळी मिळत नाही. त्याला पडू नये एवढेच बघायचे असते. ह्या माणसांना जागे ठेवायला आणि झोपवायला मादक द्रव्ये वापरली जात, हेही त्या काळाच्या इतिहासात नोंदलेले आहे.

आणि खर्च! भिंत उभारायला पैसा लागला, हिंडवायला त्याहून अधिक लागला. १९७३च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले होते, ते वेगळेच. तो खर्च भरून काढायचा तर मोठ्या सभागृहांत कार्यक्रम करायला हवेत. मोठ्या सभागृहात मोठी ध्वनियंत्रणा हवी, तिला माणसे अधिक, म्हणून पुन्हा खर्च अधिक, म्हणून कार्यक्रमही अधिक. हा फेरा त्या मंडळींच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. १९७१ पासून त्यांनी चाहत्यांचे पत्ते गोळा करून त्यांना वार्तापत्र पाठवण्याची प्रथा पाडली होती. त्या वार्तापत्रात त्यांनी स्वतःचेच शेपूट गिळणाऱ्या सापाचे चित्र छापून हा सगळा हिशेब चाहत्यांपुढे मांडला होता. ज्या संस्थेने आपल्या ग्राहकांना स्वतःच्या वाढीतला धोका चित्र काढून समजावला, अशी दुसरी संस्था मला चटकन आठवत नाही. आपल्या सहकारी संस्थांच्या वार्षिक अहवालांत साप सोडाच, गांडूळही दिसत नाही.

तेव्हा १९७४च्या ऑक्टोबरात त्यांनी थांबायचे ठरवले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात पाच रात्री कार्यक्रम झाले. त्या पाच रात्रींचा पुढे १९७७ साली चित्रपट निघाला आणि त्यात भिंत उभारणारे कामगारही दिसतात, हे चांगलेच झाले. मग भिंत मोडली, सामान विकले-वाटले गेले, बऱ्याच जणांचे काम गेले. दीडेक वर्षांनी, १९७६च्या जूनमध्ये ते पुन्हा रस्त्यावर आले, ते लहान नाट्यगृहांतून आणि भाड्याची यंत्रणा घेऊन. वाढ थांबवता येते, माघार घेता येते, हे त्यांनी एकदा करून दाखवले. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत माघार घेणाऱ्या संस्थेचा आलेख सहसा काढलेला नसतो.

संगीताविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. कार्यक्रमात काय वाजवायचे हे ते आधी ठरवीत नसत. एक गाणे सुरू करून त्यातून वाट फुटेल तसे ते दुसऱ्यात शिरत. कधी अर्धा तास एकाच रचनेचा विस्तार चाले. आपल्या बैठकीच्या गाण्याची सवय असलेल्या माणसाला ह्याचे नवल वाटणार नाही. हा केवळ योगायोगही नव्हे. मिकी हार्टने १९६७ पासून तबलानवाज अल्लारखाँ ह्यांच्याकडून तालाचे पाठ घेतले, आणि मुंबईत माहीमला वाढलेला त्यांचा मुलगा झाकीर हुसेन हा पुढे हार्टचा आयुष्यभराचा सहकारी झाला. १९७६ साली दोघांची ‘डिगा’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. १९९१ सालच्या ‘प्लॅनेट ड्रम’ला जागतिक संगीताचा पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि त्या मुद्रिकेवर घटम् वाजवणारे विक्कू विनायकरामही होते. झाकीर हुसेन २०२४च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतच वारले.

कोणतेही दोन कार्यक्रम सारखे नसल्यामुळे लोक पुन्हा पुन्हा येत, आणि येताना ध्वनिमुद्रण यंत्रे घेऊन येत. इतर वाद्यवृंद अशा माणसाला दाराबाहेर काढीत. ह्यांनी काणाडोळा केला, आणि १९८४च्या ऑक्टोबरपासून तर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागा राखून ठेवली. अट एकच: फीत विकायची नाही, द्यायची, घ्यायची, बदलायची. हजारो लोक टपालाने परस्परांना फिती पाठवू लागले. गाणे ऐकल्याने ते कमी होत नाही, तुम्ही ऐकलेत म्हणून माझे ऐकणे उणे होत नाही. अशा वस्तूला कुंपण घालण्यात समाजाचा तोटा असतो, हे अर्थशास्त्र मान्य करते. परंतु कुंपण काढले तर निर्माता जगणार कसा, ह्या प्रश्नाशी ते अडते. इथे निर्माता तिकिटांवर जगला आणि फुकट फितींनी तिकिटांचे गिऱ्हाईक वाढवले. त्यांच्यासाठी गीते लिहिणारा जॉन पेरी बार्लो ह्याने १९९४ साली ह्याच अनुभवाच्या बळावर, संगणकाच्या युगात विचारांच्या मालकीचे काय होणार, ह्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. आजकाल व्यवस्थापनशास्त्राचे पंडित हे उदाहरण ‘विक्रीतंत्र’ म्हणून शिकवतात. फुकट द्या, म्हणजे अधिक कमवाल! मला ह्याची मौज वाटते. चोवीस तास हिशेबात बुडालेल्या माणसाला दुसऱ्याचा उदारपणा हादेखील एक हिशेबच दिसतो.

ही व्यवस्था यशाने मोडली. १९८७ साली ‘टच ऑफ ग्रे’ हे त्यांचे गाणे अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत जाऊन बसले. बावीस वर्षांच्या आयुष्यात असे प्रथमच घडले. आता पूर्वी कधीही न आलेले लोक लोंढ्याने येऊ लागले. सभागृहाबाहेर वाहने लावण्याच्या पटांगणात पूर्वीपासून एक बाजार भरत असे. चाहते हाताने रंगवलेले सदरे, खाद्यपदार्थ विकून पुढच्या गावच्या प्रवासाचा खर्च काढीत. तो बाजार आता एवढा वाढला की, तिकीट न काढता नुसत्या बाजारासाठी हजारो लोक येत. गावे तक्रार करू लागली. १९८९ पासून वाद्यवृंदाने तेथे मुक्काम आणि विक्री ह्यांना बंदी घातली, पण ती कोणी फारशी मानली नाही. १९९५च्या २ जुलै रोजी इंडियाना राज्यातील डीअर क्रीक येथे विनातिकीट जमावाने कुंपण पाडले आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला. वादकांनी सह्यांनिशी पत्रक काढून, तिकीट नसेल तर येऊ नका, असे चाहत्यांना विनवले. ज्यांचा आरंभ उद्यानातल्या फुकट कार्यक्रमांनी झाला, त्यांना हे पत्रक काढताना काय वाटले असेल, ह्याची कल्पना आपण करू शकतो.

पण मला आज तुमचे लक्ष ज्याकडे वेधायचे आहे ती गोष्ट कुंपणाच्या आतली आहे. १९८६च्या जुलैत जेरी गार्सिया मधुमेहाने बेशुद्ध पडला आणि मरता मरता वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याला गिटार जवळजवळ नव्याने शिकावी लागली. डिसेंबरात तो पुन्हा मंचावर होता. १९९२ साली पुन्हा आजारपण, पुन्हा दौरा रद्द, पुन्हा पुनरागमन. त्याला हेरॉईनचे व्यसन होते आणि ते सुटत नव्हते. ही मंडळी तोवर अमेरिकेतील सर्वाधिक उत्पन्नाच्या दौऱ्यांत गणली जात होती. आणि त्या उत्पन्नावर कार्यालय, कामगार, तिकीट विभाग, त्यांची कुटुंबे अशी मोठी गोतावळ अवलंबून होती. विमा होता, नफ्यात वाटा होता, वर्षानुवर्षे कोणाला काढलेले नव्हते. म्हणजे जे जे आपण चांगल्या मालकाकडून मागतो ते ते इथे होते. आणि त्या साऱ्याचा भार ज्या एका माणसाच्या बोटांवर होता, त्याला विश्रांती हवी होती. दौरा थांबवायचा म्हणजे पगारपत्रक थांबवायचे. १९७४ साली एकवीस माणसांच्या तांड्याला थांबता आले. वीस वर्षांनी थांबता आले नाही.

इथे खलनायक कोण? कोणी भांडवलदार नाही, दलाल नाही. लेनी हार्टसारखा चोर तर नाहीच. परस्परांवर माया असलेली, एकमेकांची देणी चुकवू पाहणारी माणसे आहेत. भांडवली कंपनीने अशा वेळी निर्दयपणे निम्मे लोक कमी केले असते आणि त्या निर्दयपणामुळे कदाचित तो माणूस वाचलाही असता. हे वाक्य उच्चारताना मला त्रास होतो. ते मी मागे घेत नाही. कारण आपल्या उत्तम चाललेल्या संस्थांतही, जिथे कोणाला काढायचे नाही असा आपला निर्धार असतो, तिथे तो निर्धार कोणाच्या पाठीवर उभा आहे हे आपण क्वचितच विचारतो. बहुधा ती एखाद्या झिजलेल्या चिटणिसाची पाठ असते. राखीव निधी, पर्यायी उत्पन्न, पुढच्या फळीची तयारी, ह्या गोष्टी रुक्ष वाटतात. परंतु त्या नसल्या की मायेचेच जोखड होते.

व्यसनांविषयी मी हात राखून बोलणार नाही. त्यांच्या कळफलकवादकांचीच यादी पाहा: पिगपेन १९७३ साली सत्ताविसाव्या वर्षी गेला, दारूने पोखरून. कीथ गॉडशॉ वाद्यवृंद सोडल्यावर १९८० साली मोटार अपघातात गेला. ब्रेंट मिडलंड १९९० साली अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने गेला. प्रत्येक वेळी थोड्याच अवधीत नवा माणूस आला आणि दौरा चालू राहिला. मुक्तीच्या नावाने सुरू झालेला तो प्रयोग ह्या बाबतीत मुक्तीचा नव्हता, आणि त्याचे कौतुक करणारे ही पाने भराभर उलटतात हे मला बरोबर वाटत नाही.

१९९५च्या ९ जुलै रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर शेवटचा कार्यक्रम झाला. बरोबर एक महिन्याने, ९ ऑगस्टला, व्यसनमुक्ती केंद्रात असतानाच गार्सियाला हृदयविकाराने मृत्यू आला. वय त्रेपन्न. डिसेंबरात उरलेल्यांनी ह्या नावाने पुन्हा वाजवायचे नाही असे जाहीर केले, आणि कार्यालयातल्या ज्या लोकांसाठी दौरे चालू ठेवले होते त्यांतील बहुतेकांना घरी जावे लागले.

आता कामगारांकडे पुन्हा येतो आणि संपवतो. रेक्स जॅक्सन नावाचा त्यांचा एक सामान हाताळणारा सहकारी १९७६ साली मोटार अपघातात गेला. १९८३ साली वाद्यवृंदाने लहान लहान संस्थांना मदत देण्यासाठी जो न्यास काढला, त्याला त्यांनी ह्या माणसाचे नाव दिले. कोणा वादकाचे नव्हे, देणगीदाराचे नव्हे. रेक्स फाउंडेशन आजही आहे.

आणि त्याच रेक्स जॅक्सनची पत्नी बेटी कँटर-जॅक्सन. पुरुषांच्या त्या तांड्यात ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्या अगदी थोड्या स्त्रियांपैकी ती एक. सत्तरच्या दशकात ती त्यांच्याबरोबर हिंडली आणि रात्रीमागून रात्री कार्यक्रम फितीवर उतरवत राहिली. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला कार्यक्रमही तिनेच मुद्रित केला. ऐंशीच्या दशकात ती वाद्यवृंदाच्या कामाबाहेर पडली आणि आर्थिक ओढग्रस्तीत सापडली. तिच्या फिती एका भाड्याच्या गोदामात ठेवलेल्या होत्या. भाडे थकले, १९८६ साली गोदामवाल्याने त्या लिलावात काढल्या. विकत घेणाऱ्यांच्या हातून त्यांच्या नकला चाहत्यांत पसरल्या आणि तिच्या नावानेच, ‘बेटी बोर्ड्स’ म्हणून, त्या प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेच्या संसदीय ग्रंथालयाने राष्ट्रीय महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ सालच्या यादीत कॉर्नेलचा तो कार्यक्रम घेतला. २०१७ साली तो रीतसर बाजारात आला आणि चांगला खपला.

ती फीत कोणाची, हा प्रश्न मी माझ्या वर्गात विचारला असता. वाद्य वाजवणाऱ्यांची, यंत्र चालवणारीची, भाडे थकल्यावर लिलाव करणाऱ्या गोदामवाल्याची, की पंचवीस वर्षे ती हातोहात फिरवून जिवंत ठेवणाऱ्या चाहत्यांची? इथे तरुण मंडळी बरीच दिसत आहेत. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. माझी इच्छा अशी की पहिला अर्धा तास उत्तरे तुम्ही द्यावीत.